आईवर लिहिलेली कविता कोणाच्याही आईची का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे : आई जाऊन आठ महिने झाले. या काळात बऱ्याच कविता लिहून झाल्या, पण सगळ्यांत तीच ममता, तोच दिवा, तीच सावली. वाचणारे म्हणतात छान आहे, पण त्यांना आई दिसत नाही. वर्षश्राद्धाला एक कविता वाचायची आहे. कवी हे काम नेमकं कसं करतात?

आधी दोन कामं वेगळी करा. वर्षश्राद्धाला जे वाचायचं आहे ती श्रद्धांजली. समोर बसलेली माणसं आईला ओळखणारी असतील. तिचं नाव उच्चारलं, तिची एखादी लकब सांगितली, की बाकीचं त्यांच्या मनात आपोआप उभं राहतं. बारा ते सोळा ओळी, वाचायला दीड मिनिट, एवढं पुरतं. त्यात रूढ शब्द आले तरी बिघडत नाही, कारण ते वापरायला सगळ्यांना सोयीचे असतात आणि त्या दिवशी सोय लागतेच. कवितेचा वाचक मात्र तिला कधीच भेटलेला नाही. ‘माझी आई’ म्हटल्यावर त्याला त्याचीच आई आठवते आणि तुमची बाजूला राहते. तुमच्या कविता बहुतेक श्रद्धांजलीच्या घडणीच्या आहेत आणि त्यांच्याकडून कवितेची अपेक्षा होते आहे. श्रद्धांजली एका बैठकीत लिहून टाका, ती कुठे छापायला पाठवू नका, आणि मग खाली सांगतो ते काम सावकाश सुरू करा.

पहिला टप्पा नोंदींचा. यात एकही ओळ कवितेची नसते. वेगळी वही करा आणि तिच्यात फक्त डोळ्यांनी दिसणारं आणि कानांनी ऐकू येणारं लिहा. ‘आई कष्टाळू होती’ हे वहीत येता कामा नये. चष्म्याची दांडी कशाने बांधलेली होती, पिशवीत सुट्टे पैसे कशात ठेवायची, फोन कोणत्या कानाला लावायची, पोळी लाटताना उजवा खांदा वर जायचा का, पाहुणे गेल्यावर पहिली कोणती गोष्ट उचलायची. रोज पाच नोंदी पुरेत. सुरुवातीच्या नोंदी ठरावीक येतात, कारण त्या आपण लोकांना आधीच सांगून झालेल्या असतात. कामाच्या नोंदी नंतर येतात, सांगण्यासारखं काही उरलं नाही असं वाटू लागल्यावर. म्हणून तिथे थांबायचं नाही.

हे काम लगेच करायला हवं. कविता थांबू शकते, तपशील थांबत नाहीत. आवाजाची ढब आणि बोलण्यातली शब्दांची क्रमवारी फार लवकर पुसट होते. फोनमध्ये जुने आवाजी निरोप असतील तर फोन बदलण्याआधी त्यांची प्रत काढून ठेवा.

नातेवाइकांशी बोलताना ‘ती कशी होती?’ असं विचारलंत की ‘फार मायाळू होती हो’ एवढंच उत्तर मिळेल. प्रश्न कृतीचा हवा. मावशीला विचारा, लहानपणी दोघी पाणी कुठून आणत होतात? हंडा कोणाच्या डोक्यावर, कळशी कोणाच्या कमरेवर? आत्याला विचारा, लग्नानंतर पहिला स्वयंपाक कुठला केला आणि त्यात काय बिघडलं? शेजारणीला विचारा, दुपारी दोनला ती काय करत असायची? मुलांनी आईची दुपार सहसा पाहिलेलीच नसते. तेव्हा ती शाळेत, नंतर कचेरीत असतात. ती दुपार माहीत असणारी माणसं अजून आहेत, तोवर हे विचारून घ्या.

कागदही बघा. बँकेचं पासबुक, औषधांच्या चिठ्ठ्या, बिशीचा हिशेब, लग्नातल्या आहेराची यादी, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावरची जन्मतारीख जुन्या पिढीत पुष्कळदा खरी नसते, मास्तरांनी अंदाजाने टाकलेली असते. एवढ्या एका गोष्टीवर कविता उभी राहू शकते. आईची पत्रं असतील तर एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा : पत्राच्या मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्यानंतर वारसांचा. एखादं वाक्य कवितेत येणं वेगळं, अख्खं पत्र छापायचं असेल तर भावंडांना विचारा.

तिची वाक्यं जशी होती तशीच उतरवा. पुस्तकी मराठीत सुधारून घेऊ नका. ‘आलास का?’ आणि ‘आलास व्हय रं?’ ही दोन वेगळ्या घरांतली, दोन वेगळ्या बायकांची वाक्यं आहेत. बहिणाबाई चौधरींची गाणी आज आपल्याकडे आहेत ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी ती उतरवून ठेवली म्हणून. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि १९५२मध्ये गाण्यांचं पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी होते, तरी आईची बोली त्यांनी आईचीच राहू दिली. आपल्या आईचं फक्त एक वाक्य उतरवतानाही हाच नियम पाळावा.

वडिलांवर लिहिणाऱ्यांसाठी एक जादा सूचना : त्यांच्या कामाचे शब्द अचूक मिळवा. शेतकरी बापाच्या कवितेत हटकून नांगर येतो. प्रत्यक्षात बाप पेरणीच्या दिवसांत तिफणीमागे, म्हणजे पेरायच्या अवजारामागे, चालत चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरत असेल. मुठीतून बी सारखं सुटलं पाहिजे. मूठ ढिली पडली तर पेर दाट होते, आवळली तर तास, म्हणजे पेरणीची ओळ, रिकामा जातो, आणि हे कळतं उगवल्यावर, सगळ्या गावाला. त्या मुठीत त्या माणसाचा स्वभाव, भीती, प्रतिष्ठा सगळं आहे. नांगरात ते येत नाही, कारण तो आता चित्रातला झाला आहे. गिरणी कामगाराच्या कवितेत भोंग्याचं तेच झालं आहे. बाप बदली कामगार असेल तर काम मिळेल की नाही हे माहीत नसताना रोज गेटवर जाणं हा तपशील भोंग्यापेक्षा कितीतरी जड आहे. शिक्षक असेल तर हजेरीपटात गैरहजर मुलांसमोर तो कसली खूण करायचा ते शोधा.

आता खर्डा. सगळ्या आईला एका कवितेत बसवायला जाणं ही पहिली चूक. एक वस्तू, एक तास किंवा एक कृती निवडा आणि बाकी सगळं वहीत राहू द्या. पहिल्या खर्ड्यात ‘सारखी’, ‘जणू’, ‘प्रमाणे’ हे शब्द वापरायचेच नाहीत असं ठरवा. उपमा मनात आपोआप येतात आणि आपोआप येतात त्या दुसऱ्या कोणाच्या तरी असतात.

प्रत्यक्ष बघू. नमुन्यासाठी रचलेल्या या ओळी घ्या, अशा खर्ड्यात नेहमी दिसतात तशा :

आई, तू दिव्यासारखी जळत राहिलीस,
चंदनासारखी आमच्यासाठी झिजलीस,
तुझ्या मायेची सर कशाला येणार?
तुझ्यावाचून घर सुनं सुनं झालं.

यात खोटं काही नाही. अडचण ही की दिवा आणि चंदन दोन्ही तयार मिळतात आणि कुठल्याही आईला लागू पडतात. चौथी ओळ तर वाचकाने काढायचा निष्कर्ष त्याच्या हातात ठेवते, मग त्याला करायला काही उरत नाही. आता समजा वहीत एक नोंद आहे : आई दुधाचा हिशेब दिनदर्शिकेवर ठेवायची, दूध आलं नाही त्या तारखेवर फुली मारायची. महिन्याच्या बाराव्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. तेवढ्यावरून :

दूध आलं नाही त्या तारखेवर
ती फुली मारी.
या महिन्यात तीनला एक,
नऊला एक.
बारानंतर सगळे चौकोन कोरे,
म्हणजे हिशेबाने
दूध रोज आलं.
एक तारखेला दूधवाला विचारतो,
खाडे किती धरायचे?

इथे आई गेली असं कुठेही म्हटलेलं नाही. तिच्याच पद्धतीने हिशेब केला तर कोऱ्या चौकोनाचा अर्थ ‘दूध आलं’ असा होतो, आणि ते खरं नाही हे वाचकाला कळतं. दुःख त्या चुकलेल्या हिशेबात आहे. या जागी हमखास एक शेवटची ओळ सुचते : ‘आई, तुझा खाडा आता कायमचा.’ ती टाळी मिळवणारी ओळ आहे आणि ती काढायलाच हवी. दूधवाल्याच्या प्रश्नात ते आलेलं असताना पुन्हा सांगितलं की प्रश्नाचं वजन जातं. आईवडिलांवरच्या कवितांमधली बहुतेक दुरुस्ती हीच असते, शेवटून एक किंवा दोन ओळी कापणं. सुरुवातीच्या दोन ओळीही पुष्कळदा जातात. त्या लिहिणाऱ्याला कवितेपर्यंत पोचवण्यापुरत्या असतात.

आणखी एक गोष्ट त्या नऊ ओळींत बघा. ‘फुली मारी’ हे सवय सांगणारं क्रियापद एकदाच आलं आहे. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण ‘उठायची, सडा घालायची, डबे भरायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायची’ अशी मालिका सुरू करतो. प्रत्येक क्रियापदात वीस-तीस वर्षं कोंबलेली असतात, त्यामुळे एकही दिवस दिसत नाही. यावर उपाय सरळ आहे. सवयीचं क्रियापद कवितेत एकदा किंवा फार तर दोनदा, बाकी सगळं घडलेलं. ‘ती शेवटी जेवायची’ याऐवजी कुठल्या तरी एका रात्री पातेल्यात किती आमटी उरली होती आणि तिने तिचं काय केलं, ते लिहा.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे मुक्तछंदातल्या ओळी ‘होती’, ‘होता’, ‘नाही’, ‘आहे’ यांवर संपत जातात आणि नको असलेलं यमक तयार होतं. खर्डा झाला की प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा वेगळा लिहून काढा. त्या उभ्या रांगेत अर्ध्याहून जास्त ‘होती-आहे’ दिसले तर ओळी चुकीच्या जागी तुटल्या आहेत. काही ठिकाणी ‘आहे’ गाळून चालतं, काही ठिकाणी क्रियापदाच्या आधी ओळ तोडता येते. शब्दांची उलटापालट मात्र क्वचितच करा. ‘उभी होती ती दारात’ अशी रचना दोनदा आली की कविता नाटकी वाटते.

तिला उद्देशून लिहायचं की तिच्याविषयी, हाही निर्णय जाणीवपूर्वक घ्या. ‘आई, तू’ म्हणून सुरुवात केली की ओळी गौरवाकडे नाहीतर तक्रारीकडे वळतात, कारण समोरच्या माणसाला आपण त्याचंच वर्णन सहसा सांगत नाही. तृतीय पुरुषात बघायला जागा मिळते. सगळी कविता ‘तू’मधून ‘ती’मध्ये बदलून बघा. ज्या ओळी बदलल्यावर मरतात त्यांत संबोधनाशिवाय काही नव्हतं. वडिलांच्या बाबतीत बऱ्याच घरांत ‘तुम्ही’ असतं. मग ‘आलात, बसलात, म्हणालात’ या क्रियापदांनी लय जड होते, पण अंतरही आपोआप येतं आणि ते अंतर खरं असेल तर ‘तुम्ही’च ठेवा. जन्मभर ‘तुम्ही’ म्हटलेल्या वडिलांना कवितेत एकदम ‘तू’ म्हणायचं असेल तर ते नेमकं कोणत्या ओळीत आणि का घडतं हे वाचकाला जाणवलं पाहिजे. नकळत झालेला बदल निष्काळजीपणा वाटतो. तसंच हाकेचं : घरात अण्णा, आबा, दादा, नाना जे होतं तेच घ्या. घरात बाबा होते आणि कवितेत ‘बाप’ आले, केवळ तो शब्द कवितेत जोरकस वाटतो म्हणून, तर कान ते लगेच पकडतो.

छंदाबद्दल. मुक्तछंद सोपा म्हणून निवडू नका. दुःख फार पसरत असेल तर मोजलेली ओळ मदत करते, कारण तिथे जागाच कमी असते. मोठा अभंग करून बघा : पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही आणि जोडाक्षर एकच धरायचं. उदाहरणार्थ :

गोळ्यांच्या डबीत
बुधवार सरे
शुक्रवार उरे
भरलेला

सात खणांची औषधाची डबी आहे. बुधवारपर्यंतचे खण रिकामे, शुक्रवारचा भरलेला. मधला गुरुवार कुठेच नाही आणि वाचक तिथेच थांबतो. मुक्तछंदात लिहिलं असतं तर गुरुवार सांगायचा मोह झालाच असता. बावीस अक्षरांत तो सांगायला जागा नाही, हाच फायदा. जात्यावरची ओवीसुद्धा या विषयाला जवळची आहे, कारण आई, बाप आणि माहेर हे तिचे मूळचेच विषय. पण तिची लय दळणाच्या हाताची आहे, ती कानाने आत्मसात केल्याशिवाय कागदावर मोजून येत नाही. गझल इथे टाळावी असं माझं मत आहे. तिचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, त्यामुळे एक प्रसंग साचत जात नाही, आणि ‘आई’ हा रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी परत येणारा शब्द, घेतला की दहा सुभाषितं तयार होतात.

काही प्रतिमांपासून लांब राहा : कावळा न शिवणं, हार घातलेला फोटो, रिकामी आरामखुर्ची, देव्हाऱ्यातलं निरांजन, तुळशीवृंदावन. त्या खऱ्या आहेत, पण इतक्या वापरल्या गेल्या आहेत की वाचक त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. दहाव्याचा प्रसंग लिहायचाच असेल तर कावळ्याची वाट बघताना घाटावर कोण कशाबद्दल बोलत होतं ते लिहा. शब्दांचीही यादी करून समोर ठेवा : माया, ममता, पोरका, सावली, ओलावा, अश्रू, आठवणी, देवाघरी. दुसऱ्या खर्ड्यात यांतला प्रत्येक शब्द शोधून काढा आणि त्या जागी वहीतली एक नोंद ठेवा. नोंद सापडली नाही तर ओळच काढा.

आजारपणावरच्या कविता वेगळ्या कारणाने फसतात. ऑक्सिजनचा आकडा, नळ्या, यंत्राचा आवाज, रात्रपाळीची नर्स, हे इतकं प्रत्यक्ष असतं की कविता दवाखान्याची होते आणि माणूस खाटेवर निनावी पडून राहतो. अशा कवितेत त्या माणसाने आजारी पडण्याआधी केलेली निदान एक गोष्ट यायला हवी. हाताला सुई टोचलेली असेल तर त्या हाताने आधी काय केलं होतं?

आणि जे आईवडील प्रेमळ नव्हते त्यांच्याबद्दल. हे विचारलेलं नाही, पण आठ महिन्यांत नोंदी करताना कधीतरी रागाची नोंद येणारच आणि ती आली की बहुतेक जण वही बंद करतात. बंद करू नका. अन्याय, मारणं, भावंडांत डावं-उजवं करणं लिहायचं असेल तर कृती लिहा आणि निवाडा गाळा. ‘बाबा क्रूर होते’ म्हटलं की वाचक वाद घालतो. बाबा घरी यायच्या वेळेला रेडिओ कोण बंद करायचं, एवढं सांगितलं की तो गप्प होतो. त्याच कवितेत त्या माणसाचा एखादा चांगला तपशील आला तर कविता मऊ पडेल अशी भीती वाटते, पण उलट होतं, माणूस खरा होतो. हयात भावंडांचा संबंध येत असेल तर छापण्याआधी त्यांना कविता दाखवा. परवानगीसाठी नाही वाटलं तरी तपशील तपासायला दाखवा. एकाच घरातली तीन मुलं तीन वेगळे बाप सांगतात आणि कधी कधी भावाने सांगितलेला तपशील तुमच्यापेक्षा चांगला असतो.

वेळेबद्दल. पहिल्या काही आठवड्यांत आलेल्या कविता तारीख घालून ठेवून द्या, फाडू नका आणि दुरुस्तही करू नका. त्यांत पुढे कामाला येणाऱ्या एखाद-दोन ओळी असतात. वर्षाचं चक्र एकदा पूर्ण होऊ देणं चांगलं, कारण प्रत्येक ऋतू वेगळा माल आणतो : बरणीत शेवटचं उरलेलं तिच्या हातचं लोणचं, पहिली दिवाळी, तिने ज्यांच्यासाठी पान वाढलं त्यांच्यासोबत पितृपक्षात तिचं नाव घेतलं जाणं. आठ महिन्यांत यातलं सगळं अजून घडलेलं नाही. वीस कवितांतून एक चांगली काढायचा हट्ट करण्यापेक्षा सहा-आठ छोट्या कवितांची मालिका करा, प्रत्येकीत एकच वस्तू किंवा एकच तास. क्रम जन्मापासून मृत्यूपर्यंत लावू नका. मृत्यूची कविता तिसऱ्या-चौथ्या जागी ठेवली की तिच्यानंतरच्या साध्या कविताही वेगळ्या वाचल्या जातात.

तपासणीसाठी आईला न ओळखणारा एक वाचक शोधा आणि त्याला आवडली का असं विचारू नका. सांत्वन करायचं म्हणून तो हो म्हणेल. कविता बाजूला ठेवून त्याला विचारा, काय दिसलं? ‘दिनदर्शिका, फुल्या, दारातला दूधवाला’ असं उत्तर आलं तर कविता पोचली. ‘आईचं प्रेम’ असं आलं तर परत वहीकडे जा.

वर्षश्राद्धाच्या वाचनासाठी : श्रद्धांजली मोठ्या टाइपात छापून घ्या, फोनवरून वाचू नका, पडदा मध्येच काळा होतो. आदल्या दिवशी तीनदा मोठ्याने वाचा. आवाज कुठे अडकतो ते तिन्ही वेळा बहुधा एकाच ओळीवर कळेल. त्या ओळीआधी एक रिकामी ओळ सोडा, तिथे श्वास घ्या, आणि ती ओळ नेहमीपेक्षा सावकाश वाचा. अगदीच जमणार नाही असं वाटलं तर एक प्रत भाचीच्या किंवा भावाच्या हातात आधीच देऊन ठेवा, म्हणजे जिथे थांबाल तिथून त्यांना पुढे वाचता येईल.